जर्मन शेफर्ड मादीची वीण ठरवताना: खुबे, डीएम आणि भावंडांचा हिशेब

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात आले आणि ऊस असलेल्या शेतावर राखणीला अडीच वर्षांची जर्मन शेफर्ड मादी आहे. तिच्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रे आहेत. खुब्यांच्या एक्स-रेवर ‘सी’, म्हणजे सौम्य हिप डिस्प्लेझिया (खुब्याचा सांधा उखळीत घट्ट न बसण्याचा दोष), असा शेरा आला आहे, पण ती लंगडत नाही. डीएनए तपासणीत ती डिजनरेटिव्ह मायलोपथी, म्हणजे डीएम, या मज्जारज्जूच्या आजाराची वाहक निघाली. ठरवलेला नर पुण्याकडचा शो चॅम्पियन आहे. त्याचे खुबे ‘ए’, म्हणजे सर्वांत चांगल्या शेऱ्याचे आहेत (सर्वांत वाईट तो ‘ई’), डीएनए तपासणी झालेली नाही आणि त्याची आई नवव्या वर्षी मागच्या पायांनी बसली, म्हणजे तिचे मागचे पाय काम करेनासे झाले होते. मादीचा सख्खा भाऊ दहाव्या महिन्यापासून उठताना लंगडतो. डीएमच्या अहवालामुळे हे मेटिंग रद्द करावे का, असे विचारले आहे. नराचे खुबे ‘ए’ असल्याने खुब्यांची काळजी उरली नाही, असे पत्रात गृहीत धरलेले आहे.

माझे मत याच्या नेमके उलटे आहे. ज्या अहवालाने तुमची झोप उडाली तो डीएमचा अहवाल हा या साऱ्या प्रकरणातला सोपा भाग आहे आणि नराच्या एका तपासणीने तो निकाली निघू शकतो. जो प्रश्न मिटला असे तुम्ही समजता तो खुब्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि पत्राच्या शेवटी जाता जाता केलेला भावाच्या लंगडण्याचा उल्लेख मला मादीच्या स्वतःच्या एक्स-रेइतकाच मोलाचा वाटतो.

वारशाने येणारे सगळे आजार एकाच वाटेने येत नाहीत. काही आजार एका जनुकातल्या बिघाडाने होतात. त्यांच्या तपासणीत ‘निर्दोष’, ‘वाहक’ किंवा ‘दोन्ही प्रती सदोष’ असे स्वच्छ उत्तर मिळते आणि पिल्लांचे गणित आधीच कागदावर मांडता येते. काही आजार मात्र अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने होतात आणि त्यात खाणे, वजन, वाढीच्या वयात पायाखाली असलेली फरशी अशा गोष्टींची भर पडते. तिथे कुत्र्याच्या अंगावर जे दिसते त्यावरून त्याच्या पिल्लांत काय उतरेल हे अर्धवटच कळते. डीएम पहिल्या गटातला आहे आणि हिप डिस्प्लेझिया दुसऱ्या. दोघांना एकच नियम लावला, की चांगली मादी विनाकारण बाद होते आणि खरा दोष चॅम्पियनच्या नावाआड पुढच्या पिढीत जातो.

आधी डीएमचे पाहू. हा मज्जारज्जूचा हळूहळू होणारा ऱ्हास आहे. १९७३ मध्ये त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले आणि तो बराच काळ मुख्यतः जर्मन शेफर्डचाच आजार मानला जात होता. २००९ मध्ये एसओडी१ या जनुकातला बदल त्याच्याशी जोडला गेला आणि तोच बदल इतर अनेक जातींतही सापडला. माणसांतल्या एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या काही कुटुंबांत याच जनुकात बिघाड असतो. आजार साधारणपणे आठव्या वर्षानंतर दिसू लागतो, म्हणजे नराची बहुतेक पिल्ले जगात येऊन गेलेली असतात. त्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून निवड करणाऱ्या जाणत्या ब्रीडरच्याही हातून हा आजार पिढ्यानपिढ्या निसटत राहिला.

सुरुवात फार बारीक असते. चालताना मागच्या पायाची नखे जमिनीला घासतात, सिमेंटच्या अंगणात त्याचा खर्र असा आवाज येतो आणि मधल्या दोन बोटांची नखे पुढच्या बाजूने झिजलेली दिसतात. कुत्र्याला उभे करून त्याचा मागचा पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवला, तर निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. डीएमचा कुत्रा उशिरा करतो, किंवा पंजा तसाच ठेवून उभा राहतो, कारण आपला पाय कसा पडला आहे याची जाणीवच त्याच्या मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. वेदना नसते. पुढे सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांचे मागचे अंग लुळे पडते. जिवंतपणी केलेले निदान हे इतर कारणे वगळून केलेले असते. पक्के निदान मृत्यूनंतर मज्जारज्जूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते.

आता गणित. हा दोष अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच सहसा आजार होतो; वाहकाकडे एकच प्रत सदोष असते. वाहक मादी निर्दोष नराला दिली, तर एकाही पिल्लाला दोन सदोष प्रती मिळू शकत नाहीत आणि सरासरीने निम्मी पिल्ले तिच्यासारखीच वाहक होतात. दोघेही वाहक असतील, तर सरासरीने चौथा हिस्सा पिल्लांकडे दोन्ही सदोष प्रती येतात. तशा प्रत्येक पिल्लाला पुढे आजार होईलच असे नाही, पण ती जोखीम जाणूनबुजून घेण्याचे काहीच कारण नाही. वाहक मादीला स्वतःला हा आजार होण्याची शक्यता फारच थोडी असते. म्हणून वाहक म्हणून तिला बाद करू नका. तिच्यात बाकी गुण असतील आणि नर निर्दोष असेल, तर एका पिढीत निर्दोष पिल्लू निवडून पुढे जाता येते. अहवालात ‘वाहक’ दिसला की कुत्रा बाद, हा उत्साह मी अनेक ठिकाणी पाहतो. जर्मन शेफर्डसारख्या, आधीच थोड्या पूर्वजांवर उभ्या असलेल्या जातीत त्याने उरलीसुरली विविधता कमी होते आणि दुसरा एखादा दोष डोके वर काढतो.

मात्र नराच्या आईची हकिकत इथे आडवी येते. ती खरोखर डीएमने बसली असेल, तर तिच्याकडे जवळपास नक्कीच दोन्ही सदोष प्रती असणार, आणि मग तिचा मुलगा किमान वाहक असणारच; त्यासाठी त्याची तपासणीसुद्धा लागत नाही. पण मागे बसणारी प्रत्येक वयस्क शेफर्ड डीएमचीच असते असे नाही. कमरेच्या शेवटच्या मणक्याजवळ नसांवर दाब येण्याचा विकारही या जातीत पुष्कळ दिसतो, आणि झिजलेल्या खुब्यांमुळेही कुत्रा उठेनासा होतो. नराच्या मालकाला हे विचारा: तिला दुखत होते का, कमरेवर हात ठेवला की ती वळून बघत असे का, गाडीत उडी मारणे तिने आधी सोडले की चालताना पाय घासणे आधी सुरू झाले, शेपटी उचलायला त्रास होत होता का. दुखत होते असे उत्तर आले, तर संशय डीएमवरून खुब्यांकडे आणि कमरेकडे वळतो, आणि मग नराचा ‘ए’ मला तितकासा निश्चिंत करणार नाही. काहीही उत्तर आले तरी नराची एसओडी१ तपासणी करून घ्याच. त्यासाठी गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब किंवा थोडे रक्त पुरते. मालक तयार नसेल, तर तो नर तुमच्या मादीसाठी नाही.

चॅम्पियन या बिरुदाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या पत्रात ते चार वेळा आले आहे. ही जात १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी होरांड फॉन ग्राफ्राथ या एका नराभोवती उभी केली. नोंदवहीतला पहिला कुत्रा तोच. पुढच्या पिढ्यांत त्याचे रक्त पुन्हा पुन्हा नात्यातच फिरवले गेले. मेंढ्यांमागे दिवसभर धावणारा, शिकवलेले चटकन घेणारा कुत्रा इतक्या लवकर स्थिर झाला तो याच पद्धतीने, आणि एका नराचा दोष हजारो घरांत पोहोचण्याची सोयही याच पद्धतीने झाली. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९६८ मध्ये जन्मलेला कांटो फॉन डेर विनेराऊ. आजच्या जर्मन शो लाइनच्या वंशावळी मागे नेल्या, की त्याचे नाव वारंवार भेटते. तो अवघी चार वर्षे जगला, पण तेवढ्यात त्याची पिल्ले युरोपभर गेली, आणि त्यांच्याबरोबर हिमोफिलिया ए हा रक्त न गोठण्याचा आजारही गेला.

हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. सदोष नराचे मुलगे निर्दोष निघतात, कारण त्यांना त्याच्याकडून वाय मिळते. मुली मात्र सगळ्या वाहक होतात. त्या स्वतः ठणठणीत दिसतात आणि आजार त्यांच्या मुलांत, म्हणजे एक पिढी सोडून, उगवतो. नराची पहिली पिल्ले पाहून कोणी सावध व्हावे, तर तिथे दिसायला काहीच नसते. आपल्याकडे दात पडण्याच्या वयात हिरड्यांतून रक्त थांबत नाही, लसीच्या जागी मोठी गाठ येते, किंवा नर पिल्लू आलटून पालटून एकेका पायाने लंगडते, आणि हे सारे कोणाच्या तरी माराचे किंवा पडण्याचे खापर लावून सोडून दिले जाते. जर्मनीतून आलेल्या रक्ताच्या लाइनमधल्या नर पिल्लाचे कुठलेही ऑपरेशन करण्यापूर्वी रक्त गोठण्याची तपासणी मी सुचवतो ती याच कारणाने.

तेव्हा चॅम्पियन असणे म्हणजे त्या दिवशी, त्या परीक्षकाला, त्या कुत्र्याची ठेवण आणि चाल आवडली इतकेच. त्या नराने किती मेटिंग केले आहे आणि त्या पिल्लांपैकी किती जणांचे खुबे तपासले गेले, हे दोन प्रश्न मला करंडकांपेक्षा अधिक उपयोगी वाटतात. उताराची पाठ आणि मागे फार ताणलेले पाय यांचे शोमध्ये जे कौतुक चालते त्यावर माझे मत फारसे चांगले नाही, पण ते स्वतंत्र प्रकरण आहे. शेतावरच्या राखणीसाठी सरळ पाठीची, वर्किंग लाइनची, म्हणजे शोऐवजी कामासाठी जोपासलेल्या वंशाची पिल्ले पाहा एवढेच म्हणतो.

आता खुबे. कुत्र्यांतल्या हिप डिस्प्लेझियाचे पहिले वर्णन १९३५ मधले आहे आणि त्यानंतर यावर जितके संशोधन झाले तितके कुत्र्यांच्या क्वचितच दुसऱ्या वारशाच्या आजारावर झाले असेल. खुबा हा उखळीचा सांधा. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा जवळपास ठीक असतो. पुढच्या काही महिन्यांत स्नायूंपेक्षा वजन लवकर वाढते, अस्थिबंध सैल असतात, मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळीत घट्ट बसत नाही आणि पावलागणिक थोडा बाहेर सरकतो. उखळीची कड त्याने घासते, खोली उथळ राहते, आणि पुढे संधिवात. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान लंगडणारी पिल्ले आणि सात-आठ वर्षांनी अवघडणारे मोठे कुत्रे अशा दोन टप्प्यांत हा आजार समोर येतो. मधल्या वर्षांत चांगले स्नायू सांधा सांभाळून घेतात, आणि मालकाला आपला कुत्रा निरोगी वाटतो. तुमची मादी न लंगडणे हे म्हणूनच तिच्या स्नायूंचे आणि शेतावरच्या हालचालीचे प्रशस्तिपत्र आहे, खुब्यांचे नाही.

तुम्ही पाठवलेली एक्स-रेची प्लेट मी नीट पाहिली. कुत्र्याला गुंगी देऊन उताणे झोपवावे लागते, दोन्ही मागचे पाय सरळ, समांतर ताणून किंचित आत वळवावे लागतात, म्हणजे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या बरोबर मध्यावर दिसते. कटी जरा जरी एका अंगाला कलली, तर एक खुबा आहे त्यापेक्षा खोल आणि दुसरा उथळ भासतो. कटीच्या हाडातली दोन छिद्रे सारख्या आकाराची दिसतात का, हे त्यासाठी आधी पाहायचे. तुमच्या प्लेटवर ती सारखी आहेत, वाट्याही मध्यावर आहेत; म्हणजे एक्स-रे चांगला काढला आहे आणि शेऱ्यावर विश्वास ठेवता येतो. दोन्ही माथ्यांचे मध्य जोडणारी रेषा आणि माथ्याच्या मध्यापासून उखळीच्या वरच्या कडेला जाणारी रेषा यांतला कोन, ज्याला नॉरबर्ग कोन म्हणतात, निरोगी खुब्यात १०५ अंश किंवा अधिक असतो. इथे उजवीकडे साधारण १०३ आणि डावीकडे १०० भरतो. डाव्या माथ्याचा जेमतेम निम्मा भाग उखळीच्या आत आहे. संधिवाताची वाढ अजून दिसत नाही. ‘सी’ हा शेरा योग्य आहे.

जर्मनीत अशा मादीला वीण घेता येते, हे तुम्ही कुठेतरी वाचले असेल आणि ते खरे आहे. तिथल्या जर्मन शेफर्ड संघटनेच्या पद्धतीत ‘सामान्य’, ‘जवळपास सामान्य’ आणि ‘अजून ग्राह्य’ असे तीन शेरे विणीसाठी चालतात, आणि तिसरा साधारण आपल्या ‘सी’च्या जवळ जातो. पण तिथे एकट्या एक्स-रेवर काम भागत नाही. आईवडील, भावंडे, आधीची पिल्ले अशा सगळ्या नातलगांचे शेरे एकत्र करून प्रत्येक कुत्र्याचा खुब्यांसाठी एक प्रजननमूल्य आकडा काढला जातो. १०० म्हणजे जातीची सरासरी आणि त्याहून कमी आकडा चांगला. ‘अजून ग्राह्य’ मादीला कमी आकड्याचा नर शोधून जोडी जुळवता येते. हिप डिस्प्लेझियाच्या फरकांपैकी वंशाचा वाटा बहुतेक अभ्यासांत २० ते ४० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे एका कुत्र्याचे स्वतःचे खुबे त्याच्या जनुकांची बातमी अपुरीच देतात. ती उणीव नातलगांच्या एक्स-रेंनी भरून निघते. ‘ए’ खुब्यांचा नर डझनभर ‘डी’ भावंडांतला एकटा असू शकतो, आणि त्याची पिल्ले त्याच्या भावंडांसारखी निघण्याचा धोका बराच असतो.

आपल्याकडे हा नातलगांचा हिशेब नसतोच. केनेल क्लबच्या कागदावर पणजोबापर्यंत नावे आणि किताब मिळतात, खुबे मिळत नाहीत. ब्रीडर एक्स-रे काढतात तेही बहुधा निर्यातीसाठी किंवा विकत घेणाऱ्याने अट घातली म्हणून, आणि वाईट निघालेली प्लेट कोणी दाखवत नाही. जिथे माहिती आहे तिथे ‘सी’ची जोखीम मोजून घेता येते, जिथे नाही तिथे तोच ‘सी’ मला अधिक सावध करतो. ‘ए’ आणि ‘सी’ची सरासरी ‘बी’ होईल, असे होत नाही. सहा-सात पिल्लांत दोन-तीन उत्तम, दोन-तीन मधली आणि एखादे नवव्या महिन्यात जिना न चढणारे, असा पसारा पडतो, आणि ते शेवटचे पिल्लू कोणाच्या घरी जाईल हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून भावाकडे वळा. तो मादीचा सख्खा, एकाच लिटरचा, म्हणजे एकाच विणीत जन्मलेला भाऊ आहे. त्याच्या प्लेटमुळे तुमच्या मादीच्या वारशाबद्दल तिच्या दुसऱ्या एक्स-रेपेक्षा अधिक कळेल. त्याचे लंगडणे खुब्याचेच असेल असे आत्ता म्हणता येत नाही. या जातीत वाढीच्या वयात लांब हाडांच्या आत दुखणारा पॅनोस्टायटिस खूप दिसतो. त्यात लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरते आणि बहुधा दोन वर्षांच्या आत आपोआप थांबते. तुमच्या पत्रातून हा भाऊ अजूनही, म्हणजे अडीच वर्षांचा झाल्यावरही, लंगडतो असे दिसते, तेव्हा पॅनोस्टायटिसची शक्यता मागे पडते. पुढच्या पायाने लंगडत असेल तर कोपरांचा एक्स-रे काढा. जर्मन शेफर्डमध्ये कोपराच्या मागच्या बाजूचा अँकोनियल हा हाडाचा तुकडा साधारण पाचव्या महिन्यापर्यंत मुख्य हाडाला जुळायला हवा. तो जुळलाच नाही तर सांध्यात सुटा राहतो आणि कोपर कायमचे बिघडते. हाही वारशाचाच दोष आहे, आणि खुब्यांचे एक्स-रे काढणारे निम्मे लोक कोपरे काढतच नाहीत. तुमच्या मादीची कोपरेही राहिली आहेत.

सातारकरांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, मुंबईकडे परळचे आहे. खासगी दवाखानेही बरेच आहेत. कुठेही जा, पण गुंगीशिवाय खुब्यांचा एक्स-रे काढू देऊ नका. जागा कुत्रा पाय ताणू देत नाही, कलतो, आणि त्या प्लेटवर दिलेला शेरा चांगला असो वा वाईट, बिनकामाचा असतो.

बाकीच्या आजारांचा उल्लेख लवकर उरकतो. वाढ खुंटलेले, लोकरीसारख्या मऊ केसांचे बुटके पिल्लू जन्मते तो पिट्युटरीचा दोष एलएचएक्स३ या जनुकाचा आहे, अप्रभावी आहे, तपासणी आहे. नराच्या डीएमच्या नमुन्याबरोबरच ती करून घेता येते. स्वादुपिंडाची पाचक विकरे कमी पडण्याचा आजार या जातीत इतर जातींच्या मानाने बराच आढळतो: तरुण कुत्रा अधाशासारखा खातो, तरी फासळ्या दिसतात, शी पिवळसर, तेलकट आणि ढीगभर होते. तो एका अप्रभावी जनुकाचा असावा असे पूर्वी मानले जाई, पण दोन्ही आजारी आईवडिलांची पिल्ले सगळी आजारी निघाली नाहीत आणि तो समज सोडावा लागला. रक्ताच्या टीएलआय तपासणीने निदान होते आणि आयुष्यभर अन्नात विकरांची पूड घालून असे कुत्रे चांगले जगतात. वीण मात्र त्यांची घेऊ नये. अन्ननलिका सैल पडून खाल्लेले तसेच बाहेर येणे, गुदद्वाराभोवती नासूर होणे, प्लीहेवरची गाठ, पोट फुगून पीळ बसणे या साऱ्यांत शेफर्डचे नाव वर असते. पोट फुगून नुसत्या उमाळ्या येऊ लागल्या आणि उलटी पडत नसेल, तर तासभरही वाट पाहू नका.

एका गोष्टीकडे मात्र शेतावर कुत्रा असणाऱ्यांनी खास लक्ष द्यावे. गोचिडांसाठी गुरांना द्यायचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्यालाही अंदाजाने टोचण्याची सवय आपल्या गावांत सर्रास आहे. एमडीआर१ या जनुकात दोष असलेल्या कुत्र्यात हे औषध मेंदूत शिरते आणि लाळ गळणे, बाहुल्या मोठ्या होणे, थरथर, बेशुद्धी आणि मृत्यूपर्यंत मजल जाते. कोली या जातीच्या कुत्र्यांच्या मानाने शेफर्डमध्ये हा दोष कमी आहे, पण आहे. हृदयजंताच्या गोळीतली मात्रा अतिशय सूक्ष्म असते, तिचे भय नाही. गुरांच्या कुपीतून अंदाजाने ओढलेल्या मात्रेचे आहे. तपासणी झालेली नसेल तोवर ते इंजेक्शन टाळा. गोचिडांसाठी कुत्र्यांची वेगळी औषधे मिळतात.

मादीच्या खुब्यांसाठी आत्ता करण्यासारखे सर्वांत परिणामकारक काम वजनाचे आहे. ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे खुबे कमी बिघडले, संधिवात उशिरा आला आणि त्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. हात फिरवल्यावर फासळ्या सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. आपल्याकडे शेफर्डच्या पिल्लाला दूध, भात, वर कॅल्शियमचे सिरप असा जो मारा होतो तो मोठ्या जातींत हाडांचे नुकसान करतो. संतुलित पिल्लू-खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियम नको. पिल्लांना तीन महिन्यांपर्यंत जिने नकोत आणि गुळगुळीत टाइल्सही नकोत; मऊ मातीत मोकळे हुंदडणे चांगले. या बाबतीत शेतावरची पिल्ले शहरातल्या फ्लॅटपेक्षा भाग्यवान असतात. मादीला कॅनॉलच्या उथळ पाण्यात चालू द्या, मोटरसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवू नका.

वीण घ्यायचीच नाही असे ठरले, तर गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन करून घ्या. वयस्क, न विणलेल्या मादीत गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा असतो. तिचे वय आता अडीच असल्याने सांध्यांच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे. वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या जर्मन शेफर्डमध्ये सांध्यांचे विकार न केलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळले आहेत, म्हणून पिल्लांच्या बाबतीत घाई करू नये.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, येत्या हीटला, म्हणजे मादी माजावर येईल तेव्हा, हे मेटिंग करू नका. पुढची हीट सहा-सात महिन्यांनी येईल. तेवढ्यात नराची एसओडी१ आणि एलएचएक्स३ तपासणी, मादीची कोपरे आणि भावाचे खुबे व कोपरे एवढे उरकते. भावाचे खुबे ‘डी’ किंवा ‘ई’ निघाले, किंवा दोघांपैकी कोणाचेही कोपर बिघडलेले निघाले, तर मादीची वीण कायमची सोडून द्या, नर कितीही देखणा असो. भाऊ ‘ए’ किंवा ‘बी’ निघाला आणि लंगडण्याचे दुसरे, वारशाशी संबंध नसलेले कारण सापडले, तर डीएमसाठी निर्दोष असलेला आणि किमान दोन-तीन भावंडांचे किंवा आधीच्या पिल्लांचे चांगले एक्स-रे दाखवू शकणारा नर शोधून एक लिटर घेण्यास माझी हरकत नाही. तो नर पुण्याचाच असेल असे नाही, चॅम्पियन नसला तरी चालेल. त्या लिटरमधल्या प्रत्येक पिल्लाच्या मालकाकडून दीड-दोन वर्षांनी एक्स-रे काढून घेण्याचे आधीच कबूल करून घ्या, हवे तर विक्रीच्या किमतीतून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. आणि २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान-प्रजनन नियमांप्रमाणे पिल्ले विकायची असतील, तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

भावाचा एक्स-रे झाला की मला मोबाइलवर काढलेला प्लेटचा फोटो पाठवू नका. त्यात कोन चुकतात. दवाखान्यातून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या, आणि त्याबरोबर तो भाऊ सकाळी उठून पहिली वीस पावले चालतानाचा, मागून आणि बाजूने घेतलेला व्हिडिओ जोडा.